बेशरम काढाल, पण तलावात पुन्हा काय लावाल?

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी ढिवराच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्याच्या, घरची बाई. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमचं गाव आहे आणि गावच्या मामा तलावावर आमच्या तीन पिढ्या जगल्या. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत. धान त्यांच्यावर, मासळी त्यांच्यावर, गुरांचं पाणीही त्यांच्यावरच.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या तलावातली बेशरम, म्हणजे काठाला माजणारं एक परकं झुडूप, काढायचं काम निघालं. मशीन आलं, दोन दिवसांत झुडपं कापली, पाळीला ढीग लावला आणि काम संपलं. मृगात पाणी चढलं तसा तो ढीग भिजला आणि कापलेल्या कांड्यांना पेरापेराला मुळ्या फुटल्या. आज बेशरम पहिल्यापेक्षा दाट आहे.

ती मुळात दक्षिण अमेरिकेतली. आपल्याच लोकांनी कुंपणाला लावली, कारण गुरं तिला तोंड लावत नाहीत. त्याच गुणामुळे ती तलावात माजली. काठाचं उथळ पाणी आधी ती घेते, आणि तलावाचा जीव त्या उथळ पाण्यातच असतो. माझ्या लहानपणी तिथे देवधान, म्हणजे रानभात, उभं असायचं, पुढे कमळ, त्याच्याही पुढे पाण्याखाली हायड्रिला आणि फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिसनेरिया. ही नावं मुलीच्या पुस्तकातली. आम्ही सगळ्यालाच पाणगवत म्हणायचो. त्या फितीवालीचं मादी फूल स्प्रिंगसारख्या देठावर पाण्याच्या वर येतं. बी धरलं की देठ पुन्हा गुंडाळतो आणि फळाला खाली ओढून नेतो. डोंग्यातून वाकून मी हे तासन् तास पाहिलेलं आहे. आता आमच्या तलावात ती एकही उरलेली नाही.

पाणगवत गेलं तशी मरळ गेली, शिंगी गेली, झिंगे कमी झाले. मरळ गवतात जागा साफ करून अंडी घालते, आणि लालसर पिल्लांचा गोळा वर तरंगत असताना खाली राखण करते. गवतच नसेल तर ती अंडी घालणार कुठे? रोहू-कटला साचलेल्या पाण्यात पिल्लं देत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं, म्हणून त्यांचं बीज, म्हणजे लहान पिल्लं, आमच्या मच्छीमार संस्थेला दरवर्षी विकत घ्यावं लागतं. मरळीच्या बीजाला आम्ही कधी एक रुपया मोजला नव्हता.

माझी मुलगी बी.एस्सी.ला आहे. तिने मला समुद्रातली गोष्ट वाचून दाखवली. 1984 साली युरोपात, भूमध्य समुद्राकाठच्या मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालीच, समुद्रात, कॉलर्पा टॅक्सिफोलिया नावाचं परकं शेवाळ दिसलं. मत्स्यालयात शोभेसाठी ठेवतात ते. जागा जेमतेम एक चौरस मीटर होती. वेळीच कोणी ते काढलं नाही. पंधरा-वीस वर्षांत ते हजारो हेक्टरवर गेलं. बोटीच्या नांगराला, जाळ्याला तुकडा अडकायचा आणि जिथे पडेल तिथे रुजायचा, अगदी बेशरमच्या कांडीसारखा. तिथल्या पोसिडोनिया गवताच्या कुरणांत मासळीची पिल्लं वाढतात. ते शेवाळ त्या कुरणांतही शिरलं. तेच शेवाळ 2000 साली कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात सापडलं, तेव्हा पाणबुड्यांनी ताडपत्री अंथरून खाली क्लोरीन सोडलं. 2006 साली ते संपल्याचं जाहीर झालं. आपल्याकडेही तामिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातात शेतीसाठी आणलेलं कप्पाफायकस नावाचं समुद्री शेवाळ कुरुसडाई बेटाजवळ प्रवाळांवर चढल्याची नोंद 2008 साली झाली आहे. कोकणात समुद्री शेवाळाची शेती वाढवायची असेल तर हे आधी डोळ्यांसमोर ठेवा.

आम्हाला समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण दुखणं तेच. म्हणून माझं मागणं एवढंच आहे की बेशरम काढायच्या अंदाजपत्रकातच पाणवनस्पती लावण्याचं काम धरा. नुसती बेशरम काढून ठेवलेली मोकळी जागा पुन्हा बेशरमच घेते. चैत्र-वैशाखात पाणी उतरतं, काठची माती ओली असते, तेव्हा ती मुळासकट उपटता येते. उपटलेली पाळीला न ठेवता लांब, कोरड्या जागी वाळवून जाळायची. मग पहिल्या पावसानंतर घोटाभर पाणी आलं की ज्या तलावात अजून गवत टिकून आहे तिथली रोपं, कंद आणून चिखलात खोचायचे. हे काम मशीनचं नाही. आमच्या बायकांचं आहे, आणि ते रोजगार हमीत बसवता येईल.

दुसरं, गवत्या माशाबद्दल. ग्रासकार्प 1959 साली बाहेरून आपल्या देशात आणला. तो झपाट्याने वाढतो, वजन भरतं, हे मलाही मान्य आहे. पण तो कोवळं पाणगवत खातो, आणि बेशरमला त्याचा काही उपद्रव होत नाही. एका हाताने लावायचं आणि दुसऱ्या हाताने ते खाणारं बीज सोडायचं, असं होऊ देऊ नका. ज्या तलावात लागवड करायची तिथे तरी हे बीज देऊ नये, असा लेखी आदेश काढा.

गाळ काढण्याला माझा विरोध नाही, शेतकऱ्याला तो हवाच आहे. पण पोकलेन काठापासूनच सरळ खोल खोदत जातो आणि उतार राहत नाही. गवताचं बी, कंद वरच्या वीतभर चिखलात असतात, ते सगळे ट्रॉलीत जातात. काठचा उथळ पट्टा सोडून मध्ये खोदा, एवढी अट कामाच्या आदेशात घातली तर खर्चही वाढत नाही. याच पट्ट्यात सारस चरतो. महाराष्ट्रात तो आता बहुतेक आमच्या गोंदियातच उरलाय, तोही मोजकाच.

साहेब, एकदा मे महिन्यात या. जून लागला की पाणी चढतं आणि मग काठ दिसत नाही. पाळीवर उभं राहिलं की डाव्या हाताला बेशरम आहे, आणि उजव्या कोपऱ्यात, सांडव्याजवळ, दोन खाटा मावतील एवढ्या जागेत देवधान अजून टिकून आहे. पुढच्या लागवडीचं बी तिथूनच घ्यायचं आहे, म्हणून यंदा तिथे कोणी मशीन घालू नये, एवढा निरोप तरी आधी तालुक्याला पाठवा.

आपली,
एक ढिवर बाई, मच्छीमार संस्थेची सभासद
तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया