डीजेवर वाजून संपलेली गाणी परत ऐका

संपादक साहेब,

'सैराट' 2016 ला आला तेव्हा नाशकात वरात असो का गणपती, झिंगाटशिवाय पान हलत नव्हतं, आणि तेवढ्यावरच लोकांनी सगळी गाणी नाचायची म्हणून बाजूला टाकली. आता कॉलेज रोडची पोरं हेडफोन लावून तीच ऐकतायत, व्हायोलिन कुठनं सुरू होतात ते एकमेकांना दाखवतायत! अजय-अतुलनी त्यासाठी हॉलिवूडमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता राव, तो डीजेच्या धडधडीत काय ऐकू येणार. लकी अलीचा 1996 चा अल्बम पण असाच, आजच्या इंडीपेक्षा, म्हणजे सिनेमाबाहेरच्या स्वतंत्र गाण्यांपेक्षा, फ्रेश वाटतो. (त्या काळातले रिमिक्स मात्र अजूनही झेपत नाहीत.) पुरवणीत नव्या गाण्यांना लगेच स्टार देता, तसं दहा वर्षांनी परत ऐकून पण लिहा की.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक