सवय वेगळी, सुधारणा वेगळी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि सोबतचा लेख दोन्ही मिळाले. पत्र फार आवडलं, लेख तितकासा नाही. रागावू नकोस. पत्र तू मला लिहिलंस, म्हणून ते बोलल्यासारखं उतरलं. लेख मात्र 'वाचकांसाठी' लिहायचा म्हटल्यावर तू ठेवणीतले कपडे काढावेत तशी ठेवणीतली भाषा काढलीस.

रोज लिहायची सवय कशी लावू आणि लेखन सुधारू कसं, हे तू एका दमात विचारलं आहेस. माझ्या मते ही दोन निरनिराळी कामं आहेत आणि एकाच वेळी करायला गेलं की दोन्ही बिघडतात. लिहिताना प्रत्येक ओळ तपासत बसलास तर आठवडाभरात वही बंद होईल. उलट नुसती पानं भरत राहिलास, तर वर्षानंतरही आज लिहितोस तसंच लिहीत असशील, फक्त जास्त वेगाने.

आधी सवयीचं. 21 दिवसांत सवय लागते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधक फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. ठरावीक प्रसंगानंतर रोज एक छोटी गोष्ट करायची, खाण्यापिण्यातली किंवा व्यायामातली, एवढंच त्यांना सांगितलं होतं. ती अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मधला आकडा आला 66 दिवस, आणि कुणाला 18 पुरतील तर कुणाला 254 लागतील, एवढी तफावत. लेखन त्यात नव्हतं, आणि लिहिणं हे काही पाणी पिण्याइतकं सोपं काम नाही, तेव्हा तू घाई करू नकोस. त्या अभ्यासातली मला सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता. तुझं नेहमी इथेच अडतं. एक दिवस खाडा झाला की तू 'आता एक तारखेपासून' म्हणतोस. एक तारखेची वाट पाहू नकोस, दुसऱ्या दिवशी बस.

वेळ घड्याळावर ठरवण्यापेक्षा एखाद्या कामाला जोडून घे. चहाचा कप ठेवला की वही उघडायची, असं काहीतरी. आणि माप इतकं लहान ठेव की आजारी असतानाही जमावं. पाच ओळी चालतील. सुचलं तर पुढे लिही, नाही सुचलं तर पाच ओळींवर उठ आणि मनाला लावून घेऊ नकोस.

अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराचं उदाहरण तुला कुणीतरी देईलच. पोस्टखात्यात नोकरी, पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ आणि दर पाव तासाला 250 शब्द. (त्याला उठवायला एक म्हातारा नोकर होता आणि त्या कामाचे वर्षाला 5 पौंड जादा मिळायचे. ही चैन आपल्याला नाही.) लोक शब्दांचा आकडा लक्षात ठेवतात. मला महत्त्वाचा वाटतो तो त्याचा पहिला अर्धा तास, कारण त्यात तो आदल्या दिवशी लिहिलेलं वाचायचा. कोऱ्या पानासमोर बसण्यापेक्षा कालच्या ओळींचा हात धरून पुढे जाणं कितीतरी सोपं असतं.

आता सुधारणेचं. अमेरिकेचा लेखक-मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन याने तरुणपणी स्वतःसाठी एक पद्धत शोधली होती. आवडत्या नियतकालिकातला निबंध घ्यायचा, प्रत्येक वाक्याचा आशय मोजक्या शब्दांत टिपून ठेवायचा, काही दिवस जाऊ द्यायचे आणि मग त्या टिपणांवरून तो निबंध आपल्या शब्दांत लिहून मूळ लेखाशी ताडून पाहायचा. कधी टिपणं विस्कटून टाकून पुन्हा क्रम लावायचा. हे करून बघ, पण मराठीतल्या तुझ्या लाडक्या लेखकावर. मूळ लेखकाने जिथे एक क्रियापद वापरलंय तिथे आपल्याला तीन विशेषणं का लागली, हे शेजारी शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

तुझ्या लेखातली एक जागा दाखवतो. पहिलं वाक्य आहे: 'आजोबांच्या खोलीत प्रवेश करताच माझ्या मनात असंख्य आठवणींचे काहूर माजले.' हे कुणाच्याही आजोबांबद्दल कुणीही लिहू शकेल. मग मानवी जीवनाच्या क्षणभंगुरतेवर दोन परिच्छेद. आणि चौथ्यात, जवळजवळ चुकून, तू लिहितोस: 'चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. दोरा नवा होता.' अरे, इथे लेख सुरू होतो! दोरा नवा आहे म्हणजे शेवटच्या दिवसांतही त्यांना काहीतरी वाचायचं होतं. हे तू सांगत नाहीस तरी मला कळतं, आणि म्हणूनच ते लागतं. आधीचे तीन परिच्छेद काढून टाक. लिहिले नसतेस तर चष्म्यापर्यंत पोचला नसतास, म्हणून ते वाया गेले असं नाही, पण वाचकाला तेवढं अंतर चालायला लावू नकोस.

'खऱ्या अर्थाने', 'एक प्रकारे', 'करण्यात आले' यांवर पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. खूण केलेलं वाक्य मोठ्याने वाच, मग तो शब्द गाळून वाच. बहुतेक ठिकाणी काही बिघडत नाही. हे काम मात्र रोजच्या लिहिण्याच्या वेळेत नको. आठवड्यातून एकदा, मजकूर थोडा शिळा झाल्यावर कर.

पुढच्या वेळी अख्खा लेख नको पाठवूस. चष्म्यापासून पुढचं पानभर पाठव. आणि ते पत्रासारखं, मलाच लिहितोयस असं समजून लिही. 'वाचकांचं' नंतर बघू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा
पहिला वाचक