राखेचं पाणी तपासायचं, तर बाटलीपासून सुरुवात करा

मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा
स.न.वि.वि.

दक्षिण सोलापूर तालुक्यात १३२० मेगावॉटचा कोळशावरचा वीजप्रकल्प आहे. देशी कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख निघते. तिच्यामुळे आसपासच्या विहिरी नासल्या, असं आम्ही म्हणत नाही. नासल्या की नाही हे गावपातळीवरच्या तपासणीतून कळतच नाही, तक्रार ती आहे.

ग्रामपंचायतीच्या पाणी तपासणी किटवर मुख्यतः सामू (पीएच), कठीणपणा, क्लोराईड, फ्लोराईड, नायट्रेट, लोह असंच दिसतं. राखेतून पाझरतात ते बोरॉन, सल्फेट, सेलेनियम, आर्सेनिक. त्यातलं बोरॉन मुरमात फारसं अडकत नाही, पाण्याबरोबर वाहत जातं, म्हणून विहिरीत सहसा आर्सेनिकच्या आधी पोचतं. द्राक्षाला ते लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आतच बाधू लागतं. पानांच्या कडा करपतात आणि बागायतदार पालाशाची कमतरता समजून पोटॅश टाकत बसतो. गावातल्या आरओवरही विसंबू नये, साध्या सामूला त्यातून बोरॉनचा बराच भाग आरपार जातो.

नमुना घेण्यातच निम्मा घोळ होतो. बोरॉनसाठी बाटली प्लॅस्टिकचीच हवी, कारण लॅबच्या बोरोसिलिकेट काचेतूनच बोरॉन पाण्यात उतरू शकतं. बोअरचा पंप दहा-पंधरा मिनिटं चालवून मग बाटली भरावी, नाहीतर पाइपातलं शिळं पाणी तपासलं जातं. धातूंसाठी दुसरी बाटली: पाणी जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरनं गाळायचं, मग नायट्रिक आम्लानं सामू २ च्या खाली आणायचा. आम्ल घालायचं राहिलं तर धातू बाटलीला चिकटतात आणि अहवाल उगाच चांगला येतो. गाळायचं राहिलं तर आम्ल गाळातले धातूही सोडवतं आणि नाहक बोंब होते.

प्रकल्पाची राख साठवतात त्या राख तळ्याच्या चढाला एक विहीर, उताराला तीन अशा तपासाव्यात. मे आणि ऑक्टोबर अशी दोनदा तपासणी. चढाची विहीर तपासलीच नाही तर बाकीचे आकडे कशाशी ताडायचे?

आणखी एक. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार सगळी राख वापरणं बंधनकारक आहे आणि त्या वापरात सखल जागा भरणंही धरलं जातं. आपल्याकडे सखल जागा म्हणजे बहुधा सोडून दिलेली दगडखाण. तिच्या तळाला काळ्या पाषाणाच्या भेगा उघड्या असतात आणि त्याच भेगांतून शेजारच्या विहिरीला झरे लागतात. कागदावर राख 'वापरली' जाते, पण तळाला अस्तर नसेल तर ती पाण्यातच बसते.

जिल्ह्यात अशा भरावाला परवानगी मिळालेल्या जागांची गट नंबरांसह यादी तहसीलच्या फलकावर लावावी, आणि पहिले नमुने येत्या मे महिन्यात, पावसाआधी घ्यावेत.

कळावे,
भूजल व पाणी तपासणीतील जाणकार, सोलापूर