आई-बाबा, गिऱ्हाईक येतंय

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबा एकदम गप्प झाले म्हणून लिहितेय. भंगाराच्या दुकानासाठी रबाळ्याचा गाळा घेतलाय, डिपॉझिट भरलंय, राजीनामाही मंजूर झालाय, त्यामुळे आता "एकदा विचार कर" नको. काकांना काय सांगायचं हा प्रश्न असेल तर सरळ भंगार सांगा, मला काही वाटत नाही.

गिऱ्हाईक येणार कुठून असं आई सारखी विचारते. अगं, शोधावं लागतं. फॅब्रिकेशनवाले, प्लंबर, एसी रिपेअरवाले यांच्या दुकानात सकाळीच कार्ड देऊन येते, सोसायट्यांच्या सेक्रेटरींना भेटते, कारण पाइपलाइन बदलायला काढली की माल तिथेच पडून असतो. पण खरी जाहिरात काटाच करतो. लोकांचा राग भावावर कमी आणि वजनावर जास्त असतो, म्हणून काट्याचा डिस्प्ले गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवलाय, काटा बरोबर असल्याचं वैधमापन खात्याचं सर्टिफिकेट भिंतीवर, आजचा भाव दारातल्या फळ्यावर, तांब्याचा तर रोज पुसावा लागतो कारण तो लंडनच्या धातूबाजारावर हलतो. पैसे लगेच यूपीआयने. एका प्लंबरला म्हटलं, पितळी नळातलं लोखंड-प्लास्टिक काढून आण, चोख पितळेचा भाव देते, तर आता तो अजून दोघांना घेऊन येतो (मेला आता माझ्याशीच घासाघीस करतो).

बाबा, पोलिसांची भीती नको. गटाराची झाकणं, जळकी केबल असा चोरीचा वाटणारा माल आला की मी हातच लावत नाही. बाकीच्यांचं आधार बघून वहीत नोंद. आणि १० ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी नंबर नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं की १८ टक्के टॅक्स आपल्यालाच भरावा लागतो, म्हणजे माझी अकाउंट्सची नोकरी काही फुकट गेली नाही.

ऊन लागत नाही, वर पत्रा आहे, पंखा आहे. ग्लोव्हज घालते, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय, डबा वेळेवर खाते. बाबांच्या जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक आठवतं? ते घेऊन मी अंगणात खिळे वेचत फिरायचे आणि आई फ्रॉकवरच्या गंजावरून ओरडायची. आताही खिशात चुंबकच असतं, चिकटलं तर लोखंड, नाही तर पुढे बघायचं.

आता ऐका. एफडी मोडायची नाही, मला पैसे नकोत. खरंच नकोत, रागाने नाही म्हणत. बाबांनी बीपीची गोळी नाश्त्यानंतर लगेच घ्यायची, मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलायची नाही, मी दोन दिवस गाळा बंद ठेवून येतेय. आणि आई, माळ्यावरचा तांब्याचा बंब माझ्या बोहणीसाठी उतरवू नकोस, एवढ्या वर्षांनी त्याची मोड मला करायची नाहीये.

तुमची,
छकुली