ताप आला तर

सांगली

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोलता बोलता सांगितलेस की अंगात कणकण होती, पॅरासिटामॉल घेतले आणि तसाच वर्गावर गेलास. तुझी आई ते ऐकून देवघरात जाऊन बसली आणि मी वही काढली. भामरागडच्या आश्रमशाळेतील नोकरीविषयी पुन्हा काही बोलायचे नाही असे मी ठरवले आहे आणि ते मी पाळीन. तापाविषयी मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

अंकलीच्या पुलाजवळच्या त्या अपघातानंतर मिरजेला रात्री तुझे पोट उघडले, तेव्हा प्लीहा इतकी फाटलेली होती की ती काढून टाकण्यावाचून सर्जनसाहेबांपुढे इलाज नव्हता. डाव्या बरगड्यांखालचा हा जेमतेम दीडशे ग्रॅमचा अवयव नसला तरी माणूस जगतो, डोंगर चढतो, संसार करतो, म्हणून टाके निघाले त्या दिवशीच तू तो विषय मिटवून टाकलास. तो मिटलेला नाही, बाळ.

लहानपणी हरिपूरला तुझ्या पायात बाभळीचा काटा मोडून जांघेत अवधाण आले होते, आणि तरीही लंगडत संगमावर जाण्याचा हट्ट तू सोडला नव्हतास; शेवटी अक्काने तुला कडेवर घेऊन नेले. त्या वेळी पायातले जंतू टिपणाऱ्या पेशी लसिकेबरोबर, म्हणजे पेशींमधून झिरपणाऱ्या पातळ द्रवाबरोबर, जांघेतील ग्रंथींत पोचल्या होत्या, आणि नेमक्या त्या जंतूला ओळखणाऱ्या लसिकापेशी तेथे भराभर वाढू लागल्यामुळे ती गाठ सुजली होती. अशा शेकडो लसिका ग्रंथी आजही तुझ्या मानेत, काखेत, पोटात शाबूत आहेत. अस्थिमज्जेत नव्या पेशी घडतच आहेत. छातीतल्या थायमस ग्रंथीने जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशींना आपले कोण आणि परके कोण हे शिकवण्याचे बरेचसे काम तुझ्या बालपणीच उरकले आहे. तेव्हा तू दुबळा आहेस असे मी मुळीच म्हणत नाही.

परंतु लसिका ग्रंथी लसिका गाळतात; रक्त गाळून त्यातले जंतू हेरण्याचे काम प्रामुख्याने प्लीहेचे असते. न्यूमोकोकससारख्या काही जंतूंभोवती शर्करेच्या साखळ्यांचे कवच असते, त्यामुळे भक्षक पेशींना ते सहजासहजी धरता येत नाहीत. प्लीहेतील बी-पेशी त्या कवचाला चिकटणारी प्रतिपिंडे झटपट तयार करतात, आणि मग तेथल्याच भक्षक पेशी त्या जंतूंना गिळतात. यकृत यातले काही काम उचलते, सगळे नाही. म्हणूनच प्लीहा नसलेल्या माणसाला सकाळी नुसती हुडहुडी भरते आणि रात्रीपर्यंत त्याचा रक्तदाब कोसळलेला असतो, असे घडू शकते. हे क्वचित घडते हे मला ठाऊक आहे. पण घडू लागले की हाताशी काही तासच असतात, आणि ते तास तू फळ्यापुढे उभा राहून घालवशील याची मला धास्ती वाटते.

त्यात तुझा जिल्हा मलेरियाचा. मलेरियाच्या परोपजीवींनी ग्रासलेल्या तांबड्या पेशी रक्तातून बाजूला काढण्यातही प्लीहेचाच मोठा वाटा असतो, त्यामुळे तो आजार तुला इतरांपेक्षा जड जाऊ शकतो. मच्छरदाणी रोज लावत जा, आणि ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घे.

मी पुन्हा तास घेऊ लागलो, राग मानू नकोस. २०१९ च्या महापुरानंतर गावभागातल्या घराघरांत जाऊन लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या, प्रतिबंधाच्या गोळ्या तूच लोकांना देत होतास, आणि चिखल उपसताना कोणी टाळाटाळ केली तर तिथल्या तिथे पाणी देऊन गोळी घ्यायला लावत होतास. काकू अजून ते सर्वांना सांगतात. ज्या मुलाला दुसऱ्याच्या तापाची इतकी काळजी, त्याला स्वतःचा ताप किरकोळ का वाटावा, हे मला उमगत नाही. तुझ्या वर्गातली मुले माडियात बोलतात आणि आता तुलाही ती भाषा येऊ लागली आहे, हे ऐकून मला केवढा आनंद झाला ते फोनवर सांगायचे राहिले.

न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या तिन्ही कवचधारी जंतूंवरच्या लशी झाल्या आहेत. पण त्या सगळ्याच प्रकारांपासून वाचवत नाहीत, आणि काहींच्या पुढच्या मात्रा अजून बाकी आहेत. फ्लूची लस तर दरवर्षी घ्यावी लागते. पर्लकोटेला पूर आला की तुमचा रस्ता तुटतो, म्हणून डॉक्टरांनी जवळ ठेवायला दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांची मुदत आजच पाहून घे. ताप आला तर त्यांनी सांगितल्याप्रमाणे पहिली गोळी लगेच घे आणि कोणाला तरी सोबत घेऊन दवाखाना गाठ; गोळी घेतली म्हणून खोलीवर पडून राहू नकोस. तेथे पोचताच, कोणी विचारण्याआधी, प्लीहा काढलेली आहे हे सांग. तुझ्या मुख्याध्यापकांनाही हे माहीत असायला हवे. त्यांना तू सांगितलेस का? नसेल तर त्यांचा नंबर मला पाठव, मी बोलतो.

लशींचे कार्ड, त्याच्या दोन झेरॉक्स आणि आईने केलेले भडंग दादाच्या हाती पाठवत आहे. एक झेरॉक्स पाकिटात ठेव.

तुझे बाबा