कालवा सपाट असतो, काठ नसतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फ्रान्समधल्या कालव्यांच्या काठाने सायकल चालवण्याबद्दल हल्ली मराठीत बरंच छापून येतं. ‘सगळी वाट सपाट, कुठलीही सायकल चालेल’ हे वाक्य त्यात हटकून असतं. तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या ‘तो’ नावाच्या सरोवरापर्यंत जाणाऱ्या २४० किलोमीटरच्या कनाल द्यू मिदीच्या बाबतीत हे वाक्य महागात पडतं. मे महिन्याच्या सुट्टीत त्या भरवशावर बारीक टायरची सायकल भाड्याने घेतली, की कार्कासॉनच्या पुढे ती हातात धरून चालण्याची पाळी येते.

तुलूझ ते पोर-लोरागे हे पहिले सुमारे ५० किलोमीटर डांबरी आहेत, तिथे कुठलीही सायकल चालते. त्यानंतर लगेच नोरूझ लागतं. समुद्रसपाटीपासून १८९ मीटरवरचा हा कालव्याचा माथा. इथून पाणी एकीकडे अटलांटिककडे आणि दुसरीकडे भूमध्याकडे उतरतं. पुढे वाट खडी-मातीची होते. कार्कासॉन, त्रेब, मार्सेयेत या पट्ट्यात ती अनेक ठिकाणी हातभर रुंदीची पाऊलवाट उरते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडं आणि मध्ये मनगटाएवढी जाड मुळं आडवी आलेली. काठाचं काम ठिकठिकाणी चालू असतं, त्यामुळे कुठला काठ बरा हे निघण्याआधी विचारून घ्यावं आणि पुलापाशी बाजू बदलावी.

म्हणून माउंटन बाइकच न्यावी. २९ इंची चाक, २.१ ते २.२५ इंच रुंद टायर आणि मागे-पुढे जेमतेम दात. साधारण ७५ किलोच्या माणसाने थोडं सामान धरून, ट्यूबलेस असेल तर पुढे २४ आणि मागे २७ पीएसआय हवा ठेवावी. ट्यूब असेल तर ३० ते ३२. याहून कमी हवेत मुळावर आदळलं, की ट्यूब रिम आणि मुळाच्या मध्ये चेपून तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. डांबरावर ३५ पर्यंत भरावी आणि नोरूझला उतरवावी. हँडल ७६० मिलिमीटरहून रुंद नको, नाहीतर ते खोडाला अडकतं आणि सायकल पाण्याच्या बाजूला फेकली जाते. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्याही याच कारणासाठी टाळाव्यात. सामान सीटखाली आणि फ्रेमच्या त्रिकोणात बांधावं.

सपाट वाटेचा आणखी एक त्रास कुणी सांगत नाही. उतार नाही, म्हणजे पायाला विसावा नाही आणि बूडही सीटवरून हलत नाही. घाटात माणूस आपसूक उभा राहतो, इथे तशी वेळच येत नाही. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट पॅडलवर उभं राहायचं, हे ठरवूनच करावं लागतं. पुढची चक्री ३० दातांची असेल, तर दिवसभर चेन मागच्या सगळ्यात लहान दोन चक्र्यांवर राहते आणि त्या लवकर झिजतात. ३४ दातांची लावून घेतली, तर चेन मधल्या चक्र्यांवर सरळ चालते.

काटे आपल्या ओळखीचे आहेत. आपल्याकडच्या माळरानावरचा सराटा तिथल्या कोरड्या दक्षिण भागातही उगवतो आणि उन्हाळा सरता सरता त्याची फळं वाळून वाटेवर पडतात. प्रत्येक टायरमध्ये ८० ते १०० मिलिलिटर सीलंट (भोक बुजवणारा द्रव) असावं. काटा उपटला, की भोक खाली येईल असं चाक फिरवून मिनिटभर थांबावं. भोक बुजतं. नोरूझच्या आसपासची लोरागेची चिकणमाती मात्र पावसानंतर छळते. टायर आणि फ्रेमच्या मध्ये दोन्ही बाजूंना बोटभर जागा नसेल, तर चाक जाम होतं. अशा वेळी जोर लावून पॅडल मारलं, की मागचा गिअर फ्रेमला धरून ठेवणारा हँगर वाकतो. उतरावं, काटकीने माती काढावी आणि ती वाळेपर्यंत शेजारचा गाडीरस्ता धरावा.

काठावरची झाडं आपल्या चिनाराच्या जातकुळीतली. १९व्या शतकात लावलेली अशी सुमारे ४२,००० झाडं होती. २००६ मध्ये या कालव्यावर पहिल्यांदा बुरशीचा रोग सापडला. त्यावर औषध नाही. लागण झालेलं झाड तोडून जाळतात. हजारो गेली, त्यांच्या जागी निरनिराळ्या जातींची रोपं लावली जात आहेत. त्यामुळे जुन्या छायाचित्रांतली सावली कित्येक टप्प्यांत आता नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे अंग भाजतं, त्यापेक्षा मे, जून किंवा सप्टेंबर बरा. ही बुरशी सालीवरच्या जखमेतून आत शिरते. बोटी झाडाला बांधायला याचसाठी बंदी आहे. सायकलवाल्यांनीही झाडाला साखळी घालू नये, आणि मुळावर टायर घसरेल असा करकचून ब्रेक मारू नये.

आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहितो आहोत ते. या कालव्याचं खरं वैभव कालव्यात नाही, त्याला पाणी आणणाऱ्या पाटांमध्ये आहे, आणि माउंटन बाइकची खरी वाटही तिथेच आहे. पिएर-पॉल रिके हा मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी. १६६६ मध्ये चौदाव्या लुईने कालव्याला मंजुरी दिली ती त्याच्या योजनेवर. अडचण होती ती माथ्यावर पाणी आणायचं कुठून ही. रिकेने मोंतान्य न्वार डोंगरातले ओढे पाटांनी वळवले, सां-फेरेओलला मातीचं मोठं धरण बांधलं (१६६७ ते १६७२) आणि सगळं पाणी नोरूझला आणून सोडलं. १६८० मध्ये तो वारला, कालवा पुढच्या वर्षी खुला झाला.

नोरूझहून मैदानातल्या पाटाच्या काठाने रव्हेलच्या बाजूला निघावं. पाट जेमतेम तीन-चार मीटर रुंद. जमिनीच्या वळणावळणाने जातो, कारण पाण्याला इंचा-इंचाने उतार द्यायचा होता. कोपरे आंधळे असतात, वेग आवरावा. रव्हेल हे १४व्या शतकात आखून वसवलेलं गाव. चौकातला लाकडी खांबांचा बाजार-मंडप आजही उभा आहे आणि शनिवारी तिथे बाजार भरतो. तिथून सां-फेरेओलचा चढ आखूड पण खडा. धरणाची भिंत जवळपास ७८६ मीटर लांब आहे, पायथ्याशी उभं राहिल्याशिवाय तिचा पसारा कळत नाही. पुढे लॅ कामाझला आणखी दोन-अडीचशे मीटर चढावं लागतं. या टप्प्यासाठी मागे निदान ५० दातांची चक्री हवी. तिथे चौदाव्या लुईचा किल्ले बांधणारा इंजिनिअर व्होबाँ याने १६८० च्या दशकात डोंगर पोखरून पाटासाठी काढलेला १२२ मीटरचा बोगदा आहे. बोगद्याच्या वर डोंगरातला पाट सुरू होतो. लांपीचं धरण ओलांडून थेट आल्झो ओढ्याचं पाणी पाटात वळवतात तिथपर्यंत, सुमारे ६४० मीटर उंचीवर, बीच नावाच्या झाडांच्या गर्द जंगलातून ही वाट जाते. एवढ्या उंचीवर चढ जवळजवळ नाहीच. पानांच्या थराखाली दगड लपलेले असतात, म्हणून टायरची हवा दोन पीएसआयने कमी करावी. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा मोसम असतो. भडक केशरी जाकीट घालावं.

रिकेशी नातं असलेले जुने वाडेही बघावेत. त्यांपैकी पहिला बोंरपो, तुलूझच्या पूर्वेला. तो रिकेचा स्वतःचा. इथल्या बागेत त्याने लहान कुंडं आणि चर खणून पाणी चढवण्या-उतरवण्याचे प्रयोग केले. वाडा आता गावाच्या मालकीचा आहे आणि मोजक्याच दिवशी उघडतो, नगरपालिकेला आधी विचारून जावं. दुसरा पाराझा, थेट कालव्यावर. काम चालू असताना रिके इथे मुक्कामाला असे. आज तिथे मिनर्व्ह्वाची वाइन बनते. आर्जांस ते फोन्सेरान हा ५४ किलोमीटरचा टप्पा एकाही लॉकशिवाय (बोटी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या, दारं असलेल्या हौदाशिवाय) आहे, आणि पाराझा, व्हँतनाक, ल सोमाय ही गावं त्यावरच येतात. बेझिएच्या अलीकडे मालपासला कालवा बोगद्यातून जातो, सायकलची वाट टेकडीवरून. वर चढलं की खाली मोंतादीचं १३व्या शतकात उपसलेलं तळं दिसतं. त्याची शेतं चाकाच्या आऱ्यांसारखी मधल्या बिंदूकडे जातात.

जाता जाता लॉकच्या भिंती नीट बघाव्यात. त्या सरळ नाहीत, बाहेरच्या बाजूला फुगलेल्या आहेत. सुरुवातीला सरळ भिंतीचं लॉक मातीच्या दाबाने ढासळलं. मग रिकेने भिंती कमानीसारख्या आडव्या वळवल्या, म्हणजे दाब दगडादगडांतून टोकांना जातो. साडेतीनशे वर्षं त्या उभ्या आहेत.

वाऱ्याचा अंदाज पाहूनच दिशा ठरवावी. आग्नेयेकडून येणारा ओतां वारा तुलूझहून निघणाऱ्याच्या थेट तोंडावर येतो आणि कित्येक दिवस थांबत नाही. तो सुटला असेल, तर बेझिए किंवा नार्बोनला रेल्वेने जाऊन उलट दिशेने यावं. स्थानिक गाड्यांत सायकल चढवता येते आणि लोहमार्ग बराचसा कालव्याच्या सोबतीनेच जातो. गावातली दुकानं दुपारी बंद असतात, रविवारी दुपारनंतर आणि पुष्कळदा सोमवारीही. पाण्यासाठी दफनभूमीचा नळ शोधावा, तो जवळपास प्रत्येक गावात असतो. ‘ओ नाँ पोताब्ल’ अशी पाटी दिसली तर ते पाणी पिऊ नये.

आपल्याला विनंती एवढीच, की या कालव्यावर पुन्हा काही छापाल तेव्हा कुठून कुठपर्यंत डांबर, कुठे खडी आणि कुठे मुळं, हे टप्प्यागणिक छापावं. नकाशात नोरूझहून वर डोंगराकडे जाणारी पाटाची बारीक निळी रेघही दाखवावी.

आपले,
सायकलस्वार वाचक, पुणे