बाबा, ती भिंत पाडू नका

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर बाबा म्हणाले सोमवारपासून कॉन्ट्रॅक्टर येतोय, लहान बेडरूमची भिंत काढून हॉल मोठा करणार म्हणजे विकताना भाव चांगला येईल, आणि मी काही बोलायच्या आत फोन आईकडे दिलात, म्हणून लिहितेय.

बाबा, भिंत पाडून कार्पेट एरिया एक फूटही वाढत नाही हो. रेराच्या, म्हणजे घरविक्रीच्या कायद्याच्या, हिशोबात आतल्या भिंतींची जागा कार्पेटमध्ये आधीच धरलेली असते. उलट आपला 2 बीएचके जाऊन 1 बीएचके होतो, ब्रोकर पण तसाच दाखवणार. मुलुंडला आपल्याकडे घर बघायला कोण येतं, सासू-सासरे नि शाळेतली मुलं असलेली माणसं, त्यांना दार लावता येणारी दुसरी खोली हवी असते.

आम्ही बोरिवलीत घर बघत होतो तेव्हाचं तुम्हाला सगळं सांगितलं नव्हतं. एक घर आवडलं होतं, मालकांनी फार हौसेने केलेलं, बाल्कनी किचनमध्ये घेतलेली, बाथरूम हलवलेलं. टोकन द्यायची वेळ आली आणि लोनसाठी बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, पालिकेने मंजूर केलेला प्लॅन घेऊन आला, घर काही प्लॅनशी जुळेना, लोन अडकलं, आम्ही सोडून दिलं. ते काका जिन्यापर्यंत सोडायला आले, म्हणाले, तुमच्यासकट तिसरं गिऱ्हाईक गेलं. रिटायरमेंटचे पैसे घातले होते त्यांनी त्यात. मला सारखे तेच आठवतायत.

आणि ती भिंत नुसतं पार्टिशन आहे हे सांगितलं कोणी, कॉन्ट्रॅक्टरनेच ना? आपली बिल्डिंग 30 वर्षांच्या पुढची आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय तिथे हातोडा नको. 2017 च्या जुलैत घाटकोपरला बिल्डिंग पडून 17 माणसं गेली, तळमजल्यावर असंच फेरफाराचं काम चालू होतं.

आई, फॉल्स सीलिंग पण नको गं, आपली उंची आधीच कमी, पंखा डोक्यावर येईल. तुला आवडलेल्या त्या मरून टाईल्स सुद्धा नको लावूया, नवीन माणूस त्या फोडायचा खर्च भावातून कापून मागतो. त्यापेक्षा बाथरूमची गळती नीट काढूया. खालच्या वहिनींच्या छताला ओल आलीय, आपल्या पॅसेजच्या भिंतीला पोपडे आलेत, घर बघायला आलेला माणूस पहिला हात तिथेच लावतो. वॉटरप्रूफिंग, जुनं वायरिंग आणि सगळीकडे साधा पांढरा रंग, बस. बाबांच्या बजेटच्या निम्म्यातही होईल असं मला वाटतं.

मी शनिवारी सकाळी येते. तोपर्यंत अ‍ॅडव्हान्स देऊ नका, आणि सेक्रेटरीकाकांकडे मंजूर प्लॅनची कॉपी मागून ठेवा, मी आल्यावर तिघं बसून बघू. आई, जेवायला काही विशेष करू नकोस, आमटी-भात चालेल.

तुमची,
मनू